दोघं, एक लॅब्राडॉर आणि छोटा ऑफ-रोड ट्रेलर: आधी मोतीची जागा ठरवा

वाचकांचं पत्र

आम्ही दोघं मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात राहतो. सोबत सहा वर्षांचा, ३२ किलोचा लॅब्राडॉर, मोती. गाडी सुबारू फॉरेस्टर, २.५ पेट्रोल. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी १५०० किलो आणि टो बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) १५० किलो अशी मर्यादा दिली आहे. महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून एक तीन आठवड्यांची सहल असा बेत आहे. बजेट ३०,००० डॉलर. तीन ट्रेलर बघून ठेवलेत: जमिनीवर तंबूसारखा उघडणारा कॅनव्हासचा सॉफ्ट-फ्लोअर (रिकामा ७२० किलो), बंद पेटीसारखा ऑफ-रोड टिअरड्रॉप (८२० किलो) आणि कॅम्पर व कॅरव्हॅन यांच्या मधला हायब्रिड (१६५० किलो). हायब्रिडही फॉरेस्टर आरामात ओढेल, असं विक्रेता म्हणाला. यातला कोणता घ्यावा? ‘ऑफ-रोड’ या नावाखाली जे जादा पैसे मागतात, ते द्यावेत का? आणि आम्ही नॅशनल पार्कात चालायला गेलो, तर मोतीला दोन-तीन तास ट्रेलरमध्ये ठेवता येईल का?

उत्तर

नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची सगळी निवड त्यावरच उभी आहे. मोतीला ट्रेलरमध्ये बंद करून जाऊ नका, अर्ध्या तासासाठीही नाही. टिअरड्रॉप म्हणजे दोन माणसं झोपतील एवढी पेटी. तिच्या भिंतीत इन्सुलेशन असलं तरी ते आतलं तापणं फक्त लांबवतं, थांबवत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि बंद जागेतली हवा दमट झाली की त्या धापांचा उपयोग संपतो. छताचा पंखा चालू ठेवून जाऊ, असं वाटेल; पण फ्यूज उडाला किंवा बॅटरी उतरली तर ते कळायला तिथे कुणी नसतं. व्हिक्टोरिया राज्यात बाहेर २८ अंश किंवा जास्त तापमान असताना जनावराला गाडीत १० मिनिटांहून जास्त एकटं सोडणं नियमाविरुद्ध आहे. हाच आकडा ट्रेलरलाही लावा.

व्हिक्टोरियातल्या बहुतेक नॅशनल पार्कांत कुत्र्यांना मुळात बंदी आहे. स्टेट फॉरेस्टमध्ये मात्र कुत्रा ताब्यात असेल तर मुभा असते आणि तिथल्या बऱ्याच कॅम्पिंगच्या जागांना पैसेही पडत नाहीत. म्हणजे मोती सोबत असताना तुमचा नकाशा स्टेट फॉरेस्टचा आणि काही ऐतिहासिक राखीव भागांचा. मग पुढचा प्रश्न: तिथले रस्ते कसे असतात? खडीचे, सरळ केलेले, पण उन्हाळ्यात गाड्यांच्या वर्दळीने आडव्या लाटा पाडलेले, ज्यांना इथे सगळे कॉरुगेशन म्हणतात. मधूनच खड्डे, पावसानंतर चिकट माती, एखादा उथळ ओढा. दगडांच्या पायऱ्या चढायच्या वाटाही त्याच जंगलात आहेत, पण त्या लो-रेंज (मंद वेगाला जास्त जोर देणारे) गिअर असलेल्या उंच गाड्यांसाठी. तुमच्या फॉरेस्टरला लो-रेंज नाही आणि जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आहे. जिथे गाडी थांबणार, तिथे ट्रेलर कितीही दणकट असला तरी तोही थांबणार.

म्हणून ‘ऑफ-रोड’चे जादा पैसे द्यावेत का, याचं उत्तर असं: लाटा आणि धूळ सोसण्यासाठी लागणाऱ्या भागांवर जरूर द्या, दिखाऊ भागांवर देऊ नका. सस्पेन्शन, चासीचं वेल्डिंग, दारांची रबरं, खालच्या वायरी आणि पाण्याच्या टाकीचं कवच, कपलिंग (बॉलवर बसणारा ट्रेलरचा जोड) हे पहिल्या यादीत. मोठे चिखली टायर, पुढे बसवलेला भलामोठा टूलबॉक्स, तीन-तीन जेरीकॅनच्या चौकटी हे दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीतली प्रत्येक वस्तू तुमच्या टो बॉलवर वजन टाकते आणि तुमच्याकडे तिथे फक्त १५० किलो आहेत.

आधी वजन

हायब्रिड यादीतून काढून टाका. रिकामाच १६५० किलो आहे आणि तुमची मर्यादा १५००. गाडी तो सपाट रस्त्यावर हलवेल, म्हणून विक्रेत्याला ‘ओढेल’ म्हणता येतं. पण मर्यादेबाहेर ओढताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, लांब चढावर गिअरबॉक्स तापतो आणि उतारावर मागचं वजन गाडीला ढकलू लागतं. टो बार आणि कपलिंगवरही स्वतंत्र आकडे कोरलेले असतात. गाडी, टो बार, बॉल आणि कपलिंग यांतला सगळ्यांत लहान आकडा हीच तुमची खरी मर्यादा. टो बार नंतर बसवून घेतला असेल तर त्याची पट्टी वाकून वाचा, तिथे १२०० निघू शकतो.

ट्रेलरच्या प्लेटवर तीन संज्ञा महत्त्वाच्या. टेअर म्हणजे रिकामं वजन. एटीएम म्हणजे गाडीपासून सोडवलेल्या, पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. जीटीएम म्हणजे गाडीला जोडलेला असताना ट्रेलरच्या चाकांवर येणारं कमाल वजन. एकाच भरलेल्या ट्रेलरचं सुट्टं असतानाचं वजन आणि जोडल्यावर चाकांवर येणारं वजन यांतला फरक म्हणजे बॉलवरचा भार.

आता टिअरड्रॉपचा हिशेब मांडू. रिकामा ८२०. त्यात पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. गॅसचं लहान सिलिंडर भरलेलं १०. फ्रिज २२ आणि त्यातलं खाणं-पिणं २०. लिथियम बॅटरी १२, घडीचं सोलर पॅनेल ८. ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छप्पर) आणि तिच्या भिंती ३२. अंथरूण-पांघरूण १५, कपडे २०, खुर्च्या-टेबल १८, भांडी १२, अवजारं आणि रुतलेली गाडी बाहेर काढायचं सामान २५. मोतीचं खाणं, पाणी, गादी २०. बेरीज २९४ किलो. भरलेला ट्रेलर १११४ किलोंचा. बॉलवर साधारण १० टक्के धरायचे, म्हणजे १११. दोन्ही आकडे मर्यादेत आहेत आणि थोडी मोकळीकही राहते. प्लेटवर एटीएम १३०० असेल तर उत्तम. ११५० असेल तर हा ट्रेलर घेऊ नका, दुसऱ्याच सहलीत तो मर्यादेबाहेर जाईल.

यात एक खाचखळगा आहे. प्लेटवरचा टेअर बहुतेक वेळा मूळ मॉडेलचा असतो. ऑनिंग, जादा बॅटरी, दुसरी टाकी, छतावरचं पॅनेल हे ‘ऑप्शन’ म्हणून नंतर चढतं आणि ८२० चे ९२० कधी झाले ते कळत नाही. ‘ताब्यात देताना सार्वजनिक वजनकाट्याची पावती मिळेल’ असं करारातच लिहून घ्या. विक्रेता त्याला कां-कू करू लागला तर तिथून उठा.

बॉलवरचा भार गाडीच्या स्वतःच्या भारातही धरला जातो, हे बरेच जण विसरतात. तुम्ही दोघं १४५, मोती ३२, बॉल १११, टो बार २०, डिकीतलं सामान ६०, असे ३६८ किलो. तुमच्या गाडीच्या प्लेटवरचं कमाल वजन उणे टाकी भरलेल्या रिकाम्या गाडीचं वजन, या वजाबाकीत ३६८ बसायला हवेत. बसतील, पण वर छतावर जड तंबू आणि खोकी चढवायला जागा उरणार नाही.

सामान कुठे ठेवता यावर बॉलचा भार ठरतो आणि त्याचं गणित तराजूसारखं आहे. ॲक्सलपासून कपलिंगपर्यंत ३ मीटर अंतर धरा. ॲक्सलच्या २ मीटर पुढे, ड्रॉबारवर (ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर) ४० किलोंचा टूलबॉक्स ठेवला तर बॉलवर ४० × २ ÷ ३, म्हणजे सुमारे २७ किलो वाढतात. उलट मागे दीड मीटरवर ३० किलोंचं सायकल स्टँड लावलं तर १५ किलो कमी होतात. कमी झाले म्हणून आनंद मानू नका. मागे जड आणि पुढे हलका ट्रेलर ९० च्या वेगाला शेपटीसारखा डोलू लागतो. तसं झालं तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (गाडीत बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाच्या) बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. पाण्याची टाकी ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे आहे ना, हे विकत घेतानाच बघा. टाकी मागे असेल तर ती भरताना एक आणि रिकामी होताना दुसरा असा दोन स्वभावांचा ट्रेलर तुम्हाला चालवावा लागेल.

मोती कुठे झोपणार

आता उरले दोन. सॉफ्ट-फ्लोअर स्वस्त, हलका आणि उघडल्यावर एक खोलीभर जागा देणारा. मोतीला पसरायला यासारखं दुसरं काही नाही. पण उघडायला आणि खुंट्या मारायला पाऊण तास, आवरायला तेवढाच. पावसात ओला कॅनव्हास घडी घालून आणला तर दोन दिवसांच्या आत घरी पुन्हा उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते कधी जात नाहीत. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला हे जमतच नाही. नवा कॅनव्हास पहिल्या सहलीआधी दोन-तीन वेळा पूर्ण भिजवून वाळवायचा असतो, तेव्हा शिवणीतला दोरा फुगून भोकं बुजतात. हे न करता नेला की पहिल्याच रात्री ‘गळतोय’ अशी तक्रार येते. शिवाय मच्छरदाणीची जाळी लॅब्राडॉरच्या नखांपुढे एक रात्रही टिकत नाही. दाराच्या खालच्या भागाला प्राण्यांसाठीची जाड जाळी शिवून घ्यावी लागते.

एका जागी आठवडाभर राहणाऱ्यांना आम्ही सॉफ्ट-फ्लोअरच सुचवतो. तुमचा बेत मात्र महिन्याला दोन रात्रींचा आहे. शुक्रवारी अंधारात पोहोचून पाऊण तास खुंट्या मारणं दोन महिन्यांत नकोसं होतं आणि ट्रेलर घराच्या कडेला पडून राहतो. म्हणून तुमच्यासाठी टिअरड्रॉप, किंवा त्याचाच चौकोनी भाऊ, पण मोतीची जागा मोजून.

इथे घाई करू नका. घरी हॉलमध्ये चिकटपट्टीने १.५ मीटर × २.०५ मीटरचा चौकोन आखा. टिअरड्रॉपमधली गादी साधारण एवढीच असते. त्यात तिघं सलग तीन रात्री झोपा. तिसऱ्या रात्री कुणी सोफ्यावर गेलं तर समजा, तुम्हाला मोतीसाठी वेगळी ६० × ९० सेंटिमीटरची जागा हवी. ती तीन प्रकारे मिळते. पायाकडचं कपाट काढून टाकलेलं मॉडेल घ्यायचं. किंवा दाराशी पाय ठेवायला खोलगट फरशी असलेलं चौकोनी मॉडेल घ्यायचं, तिथे मोती खाली झोपतो आणि चिखल गादीवर येत नाही. तीनही प्रकारांत आम्हाला हाच सगळ्यांत पटतो. तिसरा मार्ग म्हणजे ऑनिंगच्या भिंती लावून त्या खोलीत त्याला ठेवायचं. तो उबदार रात्रींना चालतो, पण डोंगरात एप्रिलनंतर गारठा असतो. शिवाय रात्री वॉम्बॅट किंवा कोल्हा जवळून गेला की मोती भिंत उचकटून मागे धावेल. ऑनिंगचा पाय म्हणजे पोकळ ॲल्युमिनियम, त्याला पट्टा बांधायचा नाही. पट्टा बांधायचा तर चासीला वेल्ड केलेल्या कडीला.

दाराचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. ऑफ-रोड मॉडेलमध्ये तो ७५-८० सेंटिमीटरपर्यंत जातो. सहा वर्षांच्या लॅब्राडॉरने दिवसातून दहा वेळा तिथून उडी मारली तर पुढच्या पायांच्या कोपरांवर आणि खांद्यांवर ताण येतो आणि ही जात सांध्यांच्या दुखण्याला मुळातच बळी पडते. ६५ सेंटिमीटरच्या आतला उंबरा बघा, नाहीतर १.८ मीटर लांबीचा, खरखरीत पृष्ठभागाचा रॅम्प सोबत ठेवा. त्याहून आखूड रॅम्प इतका उभा होतो की कुत्रा त्यावर पाय ठेवत नाही. रॅम्पची सवय घरीच, सपाट जमिनीपासून सुरुवात करून लावायची.

दोन्ही बाजूंना दारं असलेला ट्रेलरच घ्या. एकच दार असेल तर रात्री उठताना एकाला दुसऱ्यावरून आणि मोतीवरून जावं लागतं. छताला दोन्ही दिशांनी फिरणारा १२ व्होल्टचा पंखा हवाच. तिघांच्या श्वासातलं पाणी थंड भिंतीवर जमतं, गादीखाली झिरपतं आणि तिथे बुरशी धरते. म्हणून हिवाळ्यातही पंख्याचं झाकण आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा हवा खेळती राहील अशी जाळीची चटई घाला.

खाली वाकून काय बघायचं

सस्पेन्शन तीन प्रकारचं भेटेल. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, हे जुनं, स्वस्त आणि कुठल्याही गावातल्या गॅरेजात दुरुस्त होणारं. रबर टॉर्शन ॲक्सल, ज्यात रबरच स्प्रिंगचं काम करतं, खडीवर चालतो, पण लाटांवर तासन्‌तास धावताना त्यात धक्के जिरवणारं वेगळं काही नसतं. रबर तापतं आणि ट्रेलर उसळत राहतो. तिसरं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र ट्रेलिंग आर्म (चाक धरणारी भुजा), कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. तुमच्या रस्त्यांसाठी हे तिसरंच, पैसे इथेच घाला. नाहीतर कपाटांचे स्क्रू सैल होतात, फ्रिजची कंस-पट्टी तुटते आणि अंडी तर पोहोचतच नाहीत. शॉक ॲब्सॉर्बर मात्र तापले की तेलासकट निकामी होतात. लाटांवर तासाभराने थांबून हात जवळ न्या. धग जाणवली तर वेग कमी करा आणि टायरची हवा उतरवा. डांबरी रस्त्यावर ३६ पीएसआय असेल तर खडीवर २८ च्या आसपास आणा, वेग ६०-७० ठेवा आणि डांबरावर परत चढण्याआधी हवा पुन्हा भरा. छोटा कंप्रेसर त्यासाठी सोबत लागतोच.

टॉर्च घेऊन खाली झोपा. ट्रेलिंग आर्म जिथे चासीला जोडलाय तिथलं वेल्डिंग आणि ड्रॉबार जिथे मुख्य चौकटीला मिळतो तो सांधा, या दोन ठिकाणी तडे जातात. रंगावर केसासारखी रेष आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला तर तो तडा समजा. ब्रेकच्या वायरी नळीत घातलेल्या आणि चासीच्या आतून नेलेल्या हव्यात. लोंबणारी वायर पहिल्याच फांदीत तुटते आणि ब्रेक गेल्याचं उतारावर कळतं. पाण्याच्या टाकीखाली धातूचं कवच आणि तिचा नळ आत दबलेला हवा.

ट्रेलरच्या चाकांना बहुधा सहा नट असतात, तुमच्या फॉरेस्टरला पाच. म्हणजे दोघांना एकच स्टेपनी चालणार नाही. ट्रेलरला स्वतःची स्टेपनी हवी आणि नटांचा पानाही वेगळा लागू शकतो, तो घरीच लावून बघा. गाडीचा जॅक ट्रेलरखाली पोहोचतो का, तेही. बेअरिंगचा एक संच, ग्रीस आणि सील डब्यात ठेवा. दरवर्षी किंवा १०,००० किलोमीटरवर, जे आधी येईल तेव्हा, बेअरिंग काढून साफ करून ग्रीस भरायचं. ओढ्यातून जायच्या आधी हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) गार होऊ द्या. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो आणि बेअरिंग गंजतं.

अजून एक, जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेली खडी ट्रेलरच्या कपाळावर आपटून परत येते आणि गाडीची मागची काच फोडते. सरळ उभी, कडक ॲल्युमिनियमची दगड-ढाल असेल तर हा धोका वाढतो. गाडीला मागे चिखलपट्ट्या लावा आणि ट्रेलरच्या पुढे तिरकी, सैल विणलेली जाळी किंवा जाड रबर-फोम बसवा, म्हणजे दगड खाली पडतो. मागच्या सीटवर मोती बसणार आहे, म्हणून हे टाळू नका.

धूळ आत येते ती फटींमधून, कारण धावत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तो आतून हवा खेचतो. उपाय दुहेरी: दारांना आणि मागच्या स्वयंपाकघराच्या झाकणाला दुहेरी रबर, आणि छतावर पुढे तोंड करून उघडणारं, गाळणी लावलेलं झरोक्यासारखं झाकण. त्यातून हवा आत ढकलली जाते आणि धूळ बाहेर राहते. रबर किती बसतंय ते बघायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून धूळही येणार आणि पाणीही.

ब्रेक, कपलिंग, वीज

ऑस्ट्रेलियात जीटीएम ७५० किलोंच्या वर गेलं की ब्रेक सक्तीचे आहेत, त्यामुळे तुमच्या ट्रेलरला ते लागणारच. ढकलल्यावर लागणारे यांत्रिक ओव्हरराइड ब्रेक २००० किलोंपर्यंत कायद्याला चालतात, पण डोंगरी उतारावर ते आपल्या मर्जीने लागतात, तुमच्या नाही. इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर घ्या. रेडार्कच्या टो-प्रोसारख्या कंट्रोलरमध्ये दोन पद्धती असतात: डांबरावर वेग किती झपाट्याने घटतोय त्या प्रमाणात ब्रेक लावणारी आणि उताराच्या खडीवर तुम्ही ठरवाल तेवढाच जोर लावणारी. तो बसवायला ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जा.

साधं ५० मिलिमीटर बॉल-कपलिंग तुमच्या खडीच्या रस्त्यांना पुरतं. पण खोल नाल्यातून तिरकं उतरताना त्याची फिरण्याची मर्यादा लवकर संपते. क्रूझमास्टरच्या डीओ-३५ सारखं कपलिंग सर्व दिशांना फिरतं, शिवाय अंधारात जोडायला सोपं. बजेटमध्ये बसलं तर घ्या. सुरक्षा साखळी या वजनाला कायद्याने एक पुरते, तरी दोन लावा, फुलीसारख्या, वजनाचा आकडा कोरलेल्या शॅकलने. जोडल्यावर ट्रेलर सपाट उभा राहतोय का ते लांबून बघा. मोठ्या चाकांच्या ट्रेलरचं कपलिंग उंच आणि फॉरेस्टरचा बॉल खाली, अशा जोडीत ट्रेलर नाक खाली घालून चालतो आणि बॉलवर भार वाढतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. ४० लिटरचा कंप्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ४० ॲम्पिअर-अवर घेतो, पंखा १०, दिवे आणि फोन ८. एकूण ६० च्या आत. १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी एवढ्यावर दीड दिवस काढते. २०० वॅटचं घडीचं पॅनेल उन्हाळ्यात ती रोज भरून काढतं, हिवाळ्यात निम्मंही देत नाही. छतावरच्या पॅनेलपेक्षा आम्ही घडीचं सुचवतो: ट्रेलर सावलीत राहतो, मोतीला गारवा मिळतो आणि पॅनेल उन्हात पसरता येतं. प्रवासात चार्जिंगसाठी २५ ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर आणि गाडी-ट्रेलरच्या वायरी जोडणारा ५० ॲम्पिअरचा अँडरसन प्लग लागेल. गाडीपासूनची वायर जाड हवी. बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच गळतं आणि तीन तास गाडी चालवूनही बॅटरी अर्धीच राहते.

लिथियम बॅटरी झोपायच्या जागेत नको. २०२२ मध्ये सुधारलेलं ऑस्ट्रेलियन मानक, एएस/एनझेडएस ३००१.२, हेच सांगतं: बॅटरीची पेटी राहत्या भागापासून बंद आणि बाहेरच्या हवेला उघडी असावी. डोंगरात पहाटे पारा शून्याखाली जातो तेव्हा लिथियम बॅटरी चार्ज करू नये, त्यासाठी तिच्यात आपोआप चार्जिंग तोडणारी यंत्रणा आहे का ते विचारा. डिझेल हीटर घेतलात तर त्याचा धूर बाहेर सोडणारी नळी दारापासून आणि मोतीच्या पट्ट्याच्या टप्प्यापासून दूर असू द्या आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, गादीच्या पातळीला.

कागदपत्रं आणि ३०,००० चं वाटप

नव्या ट्रेलरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख) क्रमांक मान्यताप्राप्त वाहनांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे ‘रॅव्ह’मध्ये, ऑनलाइन तपासता येतो. जुना घेत असाल तर पीपीएसआर (तारण-कर्जांची सरकारी नोंदवही) वर २ डॉलरमध्ये त्यावर कर्ज आहे का ते कळतं. गॅस सिलिंडरवर ठोकलेली तारीख बघा, १० वर्षांवरचं पुन्हा तपासून घेतल्याशिवाय भरून मिळत नाही. गॅसची जोडणी परवानाधारक गॅसफिटरची असल्याचं प्रमाणपत्र मागा.

सगळे ३०,००० ट्रेलरवर लावू नका. ब्रेक कंट्रोलर, वायरिंग, ऑनिंगच्या भिंती, कंप्रेसर, स्टेपनी, रॅम्प, विमा, नोंदणी यांसाठी किमान ४,००० बाजूला ठेवा. आणि सही करण्याआधी तोच किंवा तसाच टिअरड्रॉप एका लाँग वीकेंडला भाड्याने घ्या, मोतीसकट. मालक कुत्र्याला परवानगी देतो का ते आधी विचारा.

पहिली सहल

मॅन्सफील्डजवळचा हौक्वा हिल्सचा ऐतिहासिक भाग, तिथलं शीपयार्ड फ्लॅट, तुमच्यासाठी योग्य. मेलबर्नपासून २०० किलोमीटरहून थोडं जास्त, नदीकाठ, आणि पट्ट्यावर असलेल्या कुत्र्याला मुभा. शेवटचा टप्पा खडीचा, वळणावळणाचा आणि उताराचा आहे, तिथे ब्रेक कंट्रोलर कसा लावायचा ते शिकायला मिळेल. लाँग वीकेंडला तिथे गर्दी उसळते, साध्या शनिवारी जा. डोंगरातल्या बऱ्याच कच्च्या वाटा साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद असतात, त्याप्रमाणे तीन आठवड्यांची सहल आखा.

जंगलात शिरताना फाटकावरचे फलक वाचल्याशिवाय मोतीला उतरवू नका. कोल्ह्यांसाठी आणि रानकुत्र्यांसाठी १०८० नावाचं विष मांसाच्या तुकड्यांत घालून ठेवतात. कुत्र्यांवर ते फार थोड्या मात्रेत मारक ठरतं आणि त्यावर उतारा नाही. लॅब्राडॉर दिसेल ते तोंडात घालणारा, म्हणून फलक दिसला तर सरळ दुसरी जागा शोधा. ते जमणारच नसेल तर बास्केटसारखं मुसकं घाला. त्यातून कुत्रा धापा टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो, पण घरी महिनाभर सवय लावलेली हवी. पूर्व गिप्सलँडच्या किनाऱ्याकडे गेलात तर लकवा आणणारी गोचीड असते. प्रतिबंधाचं औषध निघण्याआधीच पशुवैद्याकडून घ्या आणि रोज संध्याकाळी कानामागे, पट्ट्याखाली, पायाच्या बोटांत हात फिरवा. उन्हाळ्यात त्याच तपासणीत गवताची टोकदार कुसळंही निघतील. ती बोटांच्या मधून कातडीत शिरतात आणि आत सरकत जातात.

निघाल्यावर ५० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, नव्या चाकांचे ते सैल होऊ शकतात. त्याच थांब्यावर दोन्ही हबांना हात लावा. कोमट असणं ठीक. एक गार आणि दुसरा हात ठेवू न देणारा असेल तर तिथेच थांबा, बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोतीला पाणी पाजायची वेळही तीच.